किट पोहोचलं, सातबारावर नाव कधी लागणार?

दिवाळी जवळ आली की आपल्या सेनगाव तालुक्याच्या रस्त्यांवर पुण्या-मुंबईच्या पासिंगच्या गाड्या दिसू लागतात. मागे किटचे खोके, पुढे काचेवर संस्थेचं नाव. कर्त्या माणसानं आत्महत्या केलेल्या घरी जायचं, भाऊबीज म्हणून साडी-फराळ द्यायचा, दोन शब्द धीराचे बोलायचे आणि अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं. या माणसांच्या मनात खोट आहे, असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या पैशानं डिझेल टाकून चारशे-पाचशे किलोमीटर येणारा माणूस दगडाच्या काळजाचा नसतो.

पण आपण गोरेगावचे लोक आहोत. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच गावातल्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असं थेट मुख्यमंत्र्यांना लिहून कळवलं. सोबत दरही दिले: लिव्हर ९० हजार, किडनी ७५ हजार, डोळे २५ हजार. ज्या गावावर स्वतःच्या शरीराचा भाव लावायची वेळ आली, त्या गावानं मदत कशी असावी हे सांगायचं नाही, तर कुणी सांगायचं? म्हणून हे मुद्दे बाहेरून येणाऱ्यांसाठी आहेत आणि त्याहून जास्त आपल्या स्वतःसाठी आहेत.

१. भेट तासाभराची असते, अडचण वर्षानुवर्षांची. तालुक्यातल्या एका गावी अशा भेटीला मी हजर होतो. साखर, रवा, तेलाचा पुडा, उटणं, साडी असं सगळं नीट भरून आणलं होतं. त्या ताईंना अंगणात उभं केलं, खोका हातात दिला. फोटो दोनदा काढावा लागला, कारण पहिल्यात बॅनर अर्धवट आला होता. मंडळी चहाला वळली तेव्हा त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, बँकेची नोटीस आणि सातबाराचा उतारा होता. उताऱ्यावर नाव अजून नवऱ्याचंच. "दादा, हे कुणाला दाखवायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. आलेल्या मंडळींपैकी एकानंही पिशवीत हात घातला नाही. निघायची घाई होती, पुढचं गाव गाठायचं होतं. त्या घराची खरी गरज त्या पिशवीत होती आणि ती तशीच पुन्हा पेटीत गेली.

२. हे एका घराचं दुर्दैव आहे, हा समज आधी सोडू या. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी सहकुटुंब जीवन संपवलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. आता बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० माणसांनी देशात आत्महत्या केली. त्यांतली ४,२४८ माणसं एकट्या महाराष्ट्रातली होती. कारणं आपल्याला कुणी शिकवायला नकोत. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. मोंढ्यात ट्रॅक्टर उभा करणाऱ्याच्या हातात क्विंटलला किती पडले, हे ज्याचं त्याला आठवतं. कृषी केंद्राची उधारी, बँकेचं थकीत कर्ज, मुलीच्या लग्नाला काढलेले सावकाराचे पैसे, हे सगळं त्या क्विंटलमागच्या तुटीतून वाढत जातं. फराळाच्या डब्यानं ती तूट कशी भरून निघणार? दात्यांनी दया जरूर करावी, पण मालाच्या भावाचा प्रश्न जो विचारत नाही, त्याची दया अर्धी आहे.

३. सरकारी मदत तर काळाच्या फार मागे राहिली आहे. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचा निर्णय २००६ चा आहे. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार मुदत ठेवीत. तेव्हा लाख रुपयांत दहा तोळ्यांच्या आसपास सोनं येत होतं. २०२५ संपताना एक तोळाही येत नव्हता. रक्कम मात्र लाखाचीच राहिली. तीही सरसकट मिळत नाही. नापिकी होती का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर सिद्ध व्हावं लागतं. सावकार कर्जाची पावती देतो का? तगाद्याचा पुरावा घरात ठेवतं कोण? मग फाईलवर 'अपात्र' असा शेरा पडतो. मेलेल्या माणसाचं दुःख खरं होतं की नाही, हे कागदावर ठरवणारी व्यवस्था बदला, ही मागणी दात्यांनी आणि आपण मिळून लावून धरली पाहिजे.

४. ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांचं काय? २०२२ च्या त्याच आकडेवारीत शेतकरी ५,२०७ आहेत आणि शेतमजूर ६,०८३. म्हणजे मजूर जास्त आहेत. बटईनं दुसऱ्याचं रान करणारा आणि सालावर राहणारा, दोघंही पावसाच्या त्याच लहरीवर जगतात. पण घरात कुणाच्याच नावावर जमीन नसली, तर सरकारी मदतीच्या यादीत ते घर बसत नाही. पुढची गोष्ट जास्त वाईट आहे. बाहेरून येणाऱ्या बहुतेक संस्था यादी मागतात ती कचेरीकडेच. सरकारनं वगळलेलं घर मग दात्याकडूनही वगळलं जातं आणि तेवढाच डबा पुन्हा पात्र घरी पोहोचतो. कोणाच्या चुलीवर काय शिजतं, हे गावाला माहीत असतं. म्हणून मदतीची यादी गावात, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर झाली पाहिजे.

५. साडीपेक्षा फेरफार मोठा आहे. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम'नं, २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत, नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या ५०५ शेतकरी महिलांची पाहणी केली. त्या ज्या जमिनीत राबत होत्या, ती ४० टक्के जणींच्या नावावर झालेलीच नव्हती. राहत्या घरावर हक्क मिळाला होता तो फक्त ३५ टक्के जणींना. पुढे जून २०१९ मध्ये शासनानं या महिलांची वारस नोंद, रेशनकार्ड, पेन्शन याकडे लक्ष द्यावं असा निर्णय काढला. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली. कागद चांगले आहेत, पण ते गावात उतरतात का? नाव लागल्याशिवाय पीककर्ज नाही, पीकविमा नाही, अतिवृष्टीची भरपाई नाही. नवरा गेल्यावर तिनं रान करायचं, खतं उधार आणायची, बियाण्याच्या रांगेत उभं राहायचं, आणि भरपाईचे पैसे मात्र मेलेल्या माणसाच्या नावानं अडकून पडायचे. कायद्यानं पत्नी, मुलगे, मुली आणि आई समान वारस आहेत. त्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. गरज आहे ती तलाठ्याकडे तिच्यासोबत जाऊन बसणाऱ्या माणसाची. पाच हजार रुपयांची साडी देणारा दाता मोठा असेल, पण तिच्यासाठी तीनदा तहसीलला खेटे घालणारा त्याहून मोठा आहे.

६. मुलांना खाऊ नको, वर्षं द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं सुमारे १,२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेली, ठेवून घेतली आणि शिकवली. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातून आलेल्या अशोक देशमाने यांनी सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून अशाच शेतकरी घरांतल्या मुलांसाठी 'स्नेहवन' उभं केलं. हे एका दिवसाच्या भेटीचं काम नव्हतं. दूर रुमानियातही हाच धडा मिळाला. डिसेंबर १९८९ मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि अनाथालयांत कोंबलेली लाखभर मुलं जगाला दिसली. कपडे-खेळण्यांचे ट्रक युरोपभरातून गेले. पण मुलांचं आयुष्य बदललं ते पुढे, त्या मोठ्या संस्था बंद करून मुलांना घरं आणि कुटुंबांना आधार द्यायला सुरुवात झाल्यावर. आपल्याकडे तर योजना हाताशी आहेत. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. निराधारांचा पगार १,५०० आहे, मात्र त्यासाठी वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. वर्षाला २१ हजारांत कुठलं घर चालतं, हा प्रश्न संस्थांनी मंत्रालयात विचारावा. आणि मुलांपुरतं एवढं करावं: एका दिवसात पन्नास घरी जाण्यापेक्षा दहा वर्षं एकाच घरी यावं.

७. दुःखाचा फोटो काढण्याचा हक्क कुणी कुणाला दिला? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली शिवारं पाण्याखाली गेली, तेव्हा आलेल्या काही किटवर नेत्यांच्या छब्या छापलेल्या होत्या. ज्याची माती वाहून गेली, त्यानं ज्वारीच्या पिठावर कुणाचा चेहरा बघायचा? दात्यांना हिशेब द्यावा लागतो, हे मान्य. पण हिशेब पावतीनं देता येतो, त्यासाठी विधवेचा पदर आणि लेकराचा चेहरा कशाला? ते पोर उद्या सेनगावला कॉलेजात जाईल, तेव्हा मोबाईलवर फिरणारा तो फोटो त्याच्या आधी तिथं पोहोचलेला असेल. महाराष्ट्राला वेगळी परंपराही ठाऊक आहे. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव फुले आणि सत्यशोधक समाजानं धनकवडीला बालाश्रम उघडून पोरांना जेवू घातलं. सावित्रीबाई जुन्नर भागात त्याच कामात उभ्या होत्या. त्यांनी अन्न दिलं आणि त्याच वेळी सावकार-सरकारला जाबही विचारला. घेणाऱ्याची मान खाली गेली, तर देणाऱ्याचा हात कितीही मोठा असो, तो उपकार ठरतो, मदत ठरत नाही.

८. आता आपल्याकडे बघू या. बाहेरचे लोक वर्षातून एकदा येतात. उरलेले ३६४ दिवस ती ताई आपल्यात असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावत नाही ते आपण. वाटणीच्या वेळी बांध सरकवणारे भाऊबंद आपले. तिच्या कापसाला दोनशे रुपये कमी बोलणारा व्यापारी आपल्याच ओळखीचा. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या आणि काही दिवसांतच शासनानं राज्यातल्या सगळ्या गावांना तोच आदर्श घ्यायला सांगितलं. हेरवाडला जमलं ते ज्याच्या मातीत संत नामदेवांचं नरसी आहे, त्या हिंगोली जिल्ह्याला जमू नये? आणखी एक. गप्प-गप्प राहणारा, पारावर यायचा बंद झालेला, उधारीच्या नावानं दचकणारा माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याच्या दाराशी आजच जाऊन बसा. बोलणं सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्यासोबत बसून लावा. माणूस गेल्यावर मदतीला धावणारं गाव चांगलं. तो जाऊ नये म्हणून आधी धावणारं गाव जागं म्हणायचं.

मग करायचं काय? येत्या १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडू या. मदतीला येणाऱ्या प्रत्येक संस्थेचं गोरेगावात स्वागत असेल, पण चार गोष्टी पाळाव्या लागतील. यादी ग्रामसभेची राहील, अपात्र ठरलेली आणि भूमिहीन घरं त्यात आधी असतील. घरात कॅमेरा जाणार नाही. प्रत्येक भेटीत एक माणूस फक्त कागद पाहायला बसेल आणि वारस नोंद, निराधाराचा पगार, बालसंगोपन यांतलं काय अडलं आहे ते लिहून घेईल. आणि तोच माणूस तीन महिन्यांनी परत येईल. संस्थेला ते जमत नसेल, तर गावातल्या शिकलेल्या पोरांपैकी दोघं ते काम अंगावर घेतील. अर्ज भरायला, उतारा काढायला, तलाठ्याला फोन करायला पदवी लागत नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा जन्माला आला. कचेरी लोकांच्या जवळ यावी, हाच त्यामागचा हेतू होता. कचेरी जवळ आली, पण त्या ताईंची प्लास्टिकची पिशवी अजून तिथपर्यंत पोहोचलेली नाही. ती कोण नेणार, एवढंच या १ मेला ठरवू या.