आधी विचारा, शक्य आहे का?

वर्गसमीकरणं शिकवताना दहावीच्या वर्गातली एखादी वही हमखास माझ्यापुढे येते. विवेचक उणे ४० आलेला असतो आणि मूल बिचकत विचारतं, "सर, कुठे चुकलं?" काहीच चुकलेलं नसतं. समीकरणाला वास्तव मुळं नाहीत, हेच त्याचं बरोबर उत्तर असतं.

मुलं बिचकतात, कारण आपण त्यांच्याकडून 'बी स्क्वेअर मायनस फोर एसी' हे विवेचकाचं सूत्र पाठ करून घेतो आणि खाली मुळांच्या स्वरूपाचा तीन ओळींचा तक्ता देतो. त्याआधी मी फळ्यावर एक वाफा काढतो. कुंपणाला ४० मीटर तार आहे, वाफा आयताकृती हवा. लांबी आणि रुंदी मिळून २० मीटर. क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर हवं असेल, तर एक बाजू क्ष धरून क्ष² − २०क्ष + ९६ = ०. विवेचक ४०० − ३८४, म्हणजे १६; बाजू १२ आणि ८. क्षेत्रफळ १०० मागितलं की विवेचक शून्य होतो, दोन्ही बाजू १० आणि वाफा चौरस. ११० मागा, विवेचक उणे ४०. तेवढ्या तारेत तेवढा वाफा बसतच नाही! अकरावीत संमिश्र संख्या आल्या की या समीकरणालाही मुळं मिळतात, पण वाफा काही वाढत नाही.

हे असं का होतं, हे श्रीधराचार्यांच्या रीतीत लख्ख दिसतं. समीकरणाला ४एने गुणा, ४एसी उजवीकडे न्या, दोन्ही बाजूंत बीचा वर्ग मिळवा. डावीकडे (२एक्ष + बी) याचा पूर्ण वर्ग तयार होतो, उजवीकडे उरतो विवेचक. वास्तव संख्येचा वर्ग ऋण कसा असेल? ही रीत आपल्यापर्यंत पोचली ती भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात नोंदवली म्हणून. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती वर्गच नव्हे, हेही त्यांनी त्याच ग्रंथात सांगितलं. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. ज्या मातीत हे शिकवलं गेलं, तिथल्या मुलांनी नुसता तक्ता घोकावा, याचं मला वाईट वाटतं.

पेपर काढणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. 'मुळांचे स्वरूप ठरवा' हा प्रश्न जरूर ठेवा, पण त्याच्या शेजारी एकदा हेही विचारा: ४० मीटर तारेत ११० चौरस मीटरचा वाफा होईल का? नसेल, तर का नाही? आणि गुण त्या 'का'ला द्या.