मुख्य रस्ता ओस कोणी पाडला?

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील लहान शेतकरी गाव हे तेथील राजकारण्यांचे लाडके दैवत आहे. कष्टाळू, काटकसरी शेतकरी, रविवारचे चर्च, संकटात धावून येणारा शेजारी, अशी त्याची तसबीर प्रत्येक निवडणुकीत पुजली जाते. मग ही गावे ओस का पडतात, असे विचारले की उत्तर मिळते : यंत्रे आली, तरुण शहरात गेले, काळाचा महिमा! हे उत्तर सोयीचे आहे, पुरेसे नाही.

या गावांचा स्वभाव आकाशातून पडला नव्हता. मूळ रहिवाशांकडून हिरावलेल्या जमिनीतून १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबांना १६० एकरांपर्यंत तुकडे दिले. रेल्वे कंपन्या आणि धान्यव्यापारी यांच्या लुटीविरुद्ध शेतकऱ्यांनी ग्रेंज चळवळ उभारली, सहकारी धान्यकोठारे बांधली. ज्या शेजारधर्माचे गोडवे गायले जातात, तो लहान मालकीचा आणि संघटनेचा परिपाक होता.

तो मोडला धोरणांनी. १९७१ ते १९७६ या काळात शेतीमंत्री असलेल्या अर्ल बट्झ यांनी बांधापासून बांधापर्यंत पेरण्याचा उपदेश केला. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या. १९७९ पासून फेडरल रिझर्व्हने महागाई रोखण्यासाठी पतपुरवठा आवळला. १९८० च्या अखेरीस बँकांचा मूळ व्याजदर २० टक्क्यांपलीकडे गेला. आयोवात १९८१ साली सरासरी एकरी २,१४७ डॉलर असलेली जमीन १९८६ साली ७८७ डॉलरवर आली. तारण कोसळले, लिलाव पुकारले गेले. १९३५ साली आयोवात दोन लाखांहून अधिक स्वतंत्र शेते होती. २०२२ च्या गणनेत ती सुमारे ८७ हजार उरली. आणि शेतकरी गेला, की त्याच्यामागोमाग दुकान, शाळा आणि दवाखानाही जातो.

कामगारांची गतही निराळी नाही. आयोवातील स्टॉर्म लेक येथील मांसप्रक्रियेचा कारखाना १९८१ साली बंद पडला आणि पुढच्याच वर्षी नव्या कंपनीने तो पुष्कळ कमी वेतनावर पुन्हा उघडला. तेथे राबायला लाओस, मेक्सिकोमधून माणसे आली. आज त्यांच्याच मुलांनी तेथील शाळा भरल्या आहेत. आणि राजकारणी मात्र त्याच स्थलांतरितांना गावाच्या संस्कृतीचे शत्रू ठरवतात!

आपल्याकडील काही अर्थपंडितही माणसे शेतीबाहेर काढण्यासाठी अमेरिकेचा दाखला देतात. त्यांनी एकरी उत्पादनाबरोबर तेथील बंद दुकानेही मोजावीत. गाव मरते ते नियतीने नव्हे. ते धोरणाने मारले जाते, आणि म्हणूनच वेगळ्या धोरणाने जगवताही येते.