नोकरी, नाटक आणि कार्यकारिणीचा निर्णय

यंदाच्या गणेशोत्सवात पुण्या-मुंबईहून व्यावसायिक नाटक न आणता आपल्या मंडळाच्या सभासदांनीच दोन अंकी नाटक बसवावे, हा ठराव सर्वसाधारण सभेत संमत झाला. बहुमताने, एकमताने नव्हे. तिकीटविक्री, देणगीदार आणि सभागृहाचे भाडे यांविषयीचे आक्षेप रास्त होते व ते इतिवृत्तात नोंदले आहेत. मात्र ठरावामागचा मुख्य विचार हिशेबाचा नव्हता. नोकरीत जम बसलेल्या माणसाला नोकरीपलीकडे समाधान कशातून मिळते आणि त्यात मंडळाचा वाटा कोणता, हा तो विचार होता.

इथे अमेरिकेत नोकरी आयुष्य व्यापून टाकते, याला ठोस कारणे आहेत. एच-१बी व्हिसावर इथे राहण्याचा हक्कच नोकरीशी बांधलेला असतो. ती गेली तर पुढची सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी अनेक वर्षांची. अशा स्थितीत वाढीव काम नाकारणे जड जाते. उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. त्यामुळे तिकडच्या सहकाऱ्यांबरोबरच्या बैठका जेवणानंतर सुरू होतात. एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांना २०१५ पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती आणि आजही ती ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यांनाच आहे. परिणामी एकाच घरात एकाला उसंत नसते, तर दुसऱ्याच्या शिक्षणाला वाव नसतो. पुढे ग्रीन कार्ड हाती येते, धास्ती संपते. रात्री उशिरापर्यंत काम करण्याची सवय मात्र राहते.

ही सवय नुसत्या सुट्टीने सुटत नाही. मोकळी संध्याकाळ फोन आणि टीव्ही सहज गिळून टाकतात. जिथे आपल्यावाचून दुसऱ्याचे अडते आणि जिथे कौशल्य वाढत जाते, असे काम ठरल्या वेळी करावे लागते, तेव्हाच नोकरीबाहेरचे समाधान टिकते. मराठी रंगभूमीवर याचे चांगले उदाहरण आहे. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, तर त्याच चमूतले सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. १९७३ मध्ये या मंडळींनी थिएटर अकादमी स्थापन केली आणि पुढे हे नाटक युरोपातही नेले. व्यवसाय आणि नाटक दोन्ही त्यांनी बरोबरीने चालवले. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ मध्ये शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडून पूर्णवेळ अभिनय स्वीकारला. पण त्याआधीची अनेक वर्षे तेही हौशी रंगभूमीवर वावरत होते. ‘निवृत्तीनंतर बघू’ असे यांतल्या कोणीही म्हटले नाही.

छंदाचा भार घरावर पडू नये, हीही कार्यकारिणीची जबाबदारी आहे. म्हणून तालमी आठवड्यातून दोनदाच, बुधवारी आणि रविवारी होतील. बुधवारची तालीम रात्री नऊला संपेल. ज्यांचा प्रवेश नाही त्यांना त्या दिवशी बोलावले जाणार नाही. रविवारी शेजारच्या खोलीत मुलांसाठी मराठी शाळेचे स्वयंसेवक असतील. रोज तालमी घेतल्याशिवाय नाटक उभे राहत नाही, हे अनुभवी रंगकर्मींचे मत कार्यकारिणीला मान्य आहे. त्यामुळे अखेरच्या पंधरवड्यात रंगीत तालमीसाठी जादा दिवस ठेवले आहेत.

एवढी व्यवस्था असूनही पहिल्या नाट्यवाचनाला नाटकातल्या भूमिकांपेक्षा कमी माणसे आली, हे खेदाने नोंदवावे लागते. गेल्या वर्षीच्या पाहुण्या नाटकाला मात्र सभागृह अपुरे पडले होते. प्रेक्षक म्हणून येणाऱ्यांचे मंडळाला मोलच आहे; परंतु ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी बरेच जण वाचनाला फिरकले नाहीत, तर विरोधात मत देणाऱ्या काही ज्येष्ठांनी आपणहून नेपथ्याची जबाबदारी घेतली. ही वृत्ती अनुकरणीय आहे.

या ठरावाचा अर्थ व्यावसायिक नाटकांना दार बंद असा नाही. दिवाळीनंतर दौऱ्यावर येणाऱ्या संस्थांचे प्रस्ताव नेहमीप्रमाणे विचारात घेतले जातील.

दुसरे नाट्यवाचन जूनच्या पहिल्या रविवारी, दुपारी तीन वाजता मराठी शाळेच्या वर्गात होईल. अभिनयाचा अनुभव आवश्यक नाही. प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, प्रॉम्प्टिंग आणि तालमीच्या दिवशीचे खाणे यांसाठीही माणसे हवी आहेत. ज्यांना आठवड्याला एकच तास देता येईल त्यांनी तसे सांगावे. त्या तासाचे काम नेमून दिले जाईल. गाडी नसलेल्यांनी सचिवांना आधी कळवल्यास ने-आणीची सोय होईल. लेखकाची परवानगी आणि मानधन यांचा खर्च वार्षिक वर्गणीतून भागवायचा असल्याने थकबाकीदारांनी महिनाअखेरपर्यंत वर्गणी भरावी.