माऊची शुगर, तुमचं टायमिंग

माऊ मागच्या पायांच्या टाचा टेकवत चालतेय? ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डायबेटिसने नसा दुखावल्या की चाल अशी बदलते. त्यात सारखी पाण्याच्या वाटीपाशी, भरपूर खाऊनही वजन उतरतंय, तर शुगर तपासाच.

इन्शुलिन साधारण दर 12 तासांनी. म्हणजे ऑफिसनंतरच्या प्लॅन्सचे बारा वाजलेच! पण डोस चुकला म्हणून पुढचा डबल? अजिबात नाही. जेवली नसेल तर टोचण्याआधी व्हेटला फोन. कारण शुगर एकदम उतरली तर काही तासांत जिवावर बेततं. झोकांड्या खातेय, थरथरतेय? हिरड्यांना मध चोळा आणि थेट दवाखाना गाठा. बाटलीवर यू-40 असेल तर सिरिंजही यू-40चीच हवी. मेडिकलवाला दोन्ही विकतो.

लवकर उपचार आणि कमी कार्बचं ओलं खाणं जमलं, तर काही मांजरांचं इन्शुलिन सुटतंही. मात्र खाणं बदललं की डोसही बदलू शकतो, तेव्हा आधी व्हेटला विचारा.