ग्रीन होम आणि पश्चिमेची भिंत

पुण्याच्या आसपास 'ग्रीन' नसलेला एक नवा प्रोजेक्ट दाखवा आणि माझ्याकडून एक वडापाव घेऊन जा. ब्रोशर हिरवं, लोगो हिरवा, क्लबहाऊससमोरचं लॉनही हिरवंगार. आता त्यातल्याच पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये एप्रिलमधल्या संध्याकाळी सात वाजता जाऊन भिंतीला हात लावून बघा. पोळ्यांचा तवा आठवेल.

माझं म्हणणं साधं आहे. घर ग्रीन आहे की नाही हे भिंत, छत आणि खिडकी ठरवतात. बाकी सगळं नंतर. आणि वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेणारे आपण नेमकं या तिघांबद्दलच काही विचारत नाही.

आधी रेटिंगबद्दल. आयजीबीसी किंवा टेरीचं 'गृह' या काही थापा नाहीत. पाणी, कचरा, बांधकामाचं साहित्य, जागा, ऊर्जा अशा बऱ्याच गोष्टींचे गुण मोजून ते रेटिंग देतात आणि ते काम चांगलंच आहे. पण ही बेरीज आहे, राव. बेरजेतून तुमची बेडरूम रात्री किती तापणार हे कळत नाही. त्यातून जाहिरातीत 'प्री-सर्टिफाइड' असं लिहिलेलं असेल तर ते ड्रॉइंगवर मिळालेलं असतं, बांधलेल्या घरावर नाही. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत रेटिंगच्या पायरीप्रमाणे बिल्डरला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय देण्याची तरतूद झाली. द्या की, माझी हरकत नाही. पण बिल्डरचा फायदा असा टक्क्यांत लिहिलेला आहे. तुमचा कुठे लिहिलाय?

गेल्या वर्षी एका मित्राबरोबर एका सेल्स ऑफिसात गेलो होतो. मी विचारलं, "बाहेरची भिंत कशाची आहे?" उत्तर आलं, "सर, पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग आहे." मी म्हटलं, "आणि वरच्या मजल्याच्या छताला इन्सुलेशन?" "सर, गार्डनचे लाइट सोलरवर आहेत." पोरगा बिचारा चांगला होता. हे प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते, त्याचा काय दोष?

आता भिंतीकडे येऊ. बऱ्याच उंच इमारतींत हल्ली अॅल्युमिनियमचे साचे लावून सगळ्या भिंती काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात. पण काँक्रीटमधून उष्णता एएसी ब्लॉकच्या साधारण आठ-नऊ पट सहज जाते. म्हणजे दिवसभर पश्चिमेचं ऊन खाल्लेली सहा इंची काँक्रीटची भिंत रात्री तुमच्या खोलीत हीटरचं काम करते. त्यावर उपाय म्हणून आपण काय करतो? दीड टनाऐवजी दोन टनाचा एसी घेतो. क्वेरी भिकार लिहायची आणि सर्व्हरची रॅम वाढवत बसायचं, त्यातलाच प्रकार. ऑफिसात कुणी असं केलं तर आपण त्याला कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढू!

खिडकीचंही तेच. काचेच्या आत लावलेला जाड पडदा फार उपयोगाचा नाही, कारण ऊन एकदा काचेतून आत शिरलं की उष्णता घरात आलेलीच असते. ऊन अडवायचं तर बाहेर अडवायचं. छज्जा, जाळी, बांबूची चिक, बाल्कनी, झाड. त्यातही दिशा बघावी लागते. दक्षिणेला छज्जा मस्त चालतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं, छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथे उभी आडोशाची पट्टी किंवा बाहेरची चिकच हवी. आणि डबल ग्लेझिंग? दिवसरात्र एसी चालणार असेल तर जरूर घ्या. पण पुण्यात संध्याकाळी आपण खिडक्या सताड उघडतो. उघड्या खिडकीच्या डबल काचेचे पैसे कशाला मोजायचे?

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे छत. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन गच्ची खाते, आणि 'टॉप फ्लोअर, मस्त व्ह्यू' म्हणून आपण त्याचे जादा पैसे देतो! २०१८ साली केंद्राच्या बीईईने घरांसाठी इको-निवास संहिता आणली. तिच्यात छतासाठी यू-व्हॅल्यूची मर्यादा १.२ होती. नुसती आरसीसी स्लॅब तिच्या जवळपासही जात नाही. भिंती आणि खिडक्यांसाठी आरईटीव्ही नावाचा आकडा होता, म्हणजे बाहेरच्या दर चौरस मीटरमधून सरासरी किती वॉट उष्णता आत येते ते. मर्यादा १५. एकच आकडा, मोबाईलच्या बॅटरीसारखा. पण तो ब्रोशरवर छापलेला मी अजून पाहिलेला नाही.

"मग सोलर नको का?" हवंच की. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती सोलरला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान जाहीर झालं. सोसायटीच्या लिफ्ट, पंप अशा सामायिक वापरासाठीही किलोवॉटमागे १८,००० होते. पण क्रम बघा. साधा पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी साधारण ३०. घरात चार पंखे रोज बारा तास चालले तर दिवसाला दोन युनिट वाचतात. तेवढी वीज तयार करायला अर्धा किलोवॉटचं सोलर लागतं. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाचे सात-आठ हजार. पंखे बदलायला ना सोसायटीची एनओसी लागते, ना गच्चीवर हक्क. पण पंख्याचा फोटो काढून कुणाला पाठवता येत नाही, हाच काय तो प्रॉब्लेम!

कुणी म्हणेल, बिल्डर ऐकतोय कुठे? खरं सांगू? तो आपलं फार नीट ऐकतो. आपण मोठ्या काचा मागितल्या, त्याने दिल्या. इन्फिनिटी पूल मागितला, तोही दिला. सावली कुणी मागितलीच नाही. भिंत बदलायला त्याला लाखो रुपयांचा प्रश्न येतो हे मान्य. पण ताबा घेतल्यावर ती भिंत तुम्हाला कितीही पैसे देऊन बदलता येत नाही. फ्रिज दहा वर्षांनी बदलाल, एसीही बदलाल. भिंत तुमच्या ईएमआयपेक्षा जास्त जगणार आहे.

तेव्हा बुकिंगचा चेक देण्याआधी चार प्रश्न विचारा. बाहेरची भिंत कशाची आणि किती जाडीची? पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली कशाची? छतावर इन्सुलेशन काय? आरईटीव्ही किती? उत्तर लेखी मागा. समोरचा गोंधळला तर गोंधळू द्या. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर तयार मिळतं.

आणि घर आधीच घेऊन बसला असाल तर या रविवारी गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा. निदान पांढरा रंग तरी. शेवटच्या मजल्यावरचे काका-काकू तुम्हाला दुवा देतील. बाकी हिरवा रंग दारालाही लावता येतो, त्याने वीजबिल कमी होत नाही.