न दुखणारी गाठ

कागल भागात उसाच्या रानात राबणाऱ्याच्या पायात काटा रुतणे ही नवलाची गोष्ट नाही. बाभळीचा काटा असो की तोडलेल्या उसाचा बुडखा, सुईने कोरायचे, गूळ-चुना लावायचा, नाहीतर बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. बहुतेक जखमा भरूनही येतात. क्वचित एखाद्याच्या पायात मात्र काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, त्याच जागी घट्ट गाठ उठते. ती दुखत नाही, आणि तिथेच घात होतो. न दुखणाऱ्या गाठीसाठी खाडा करून दवाखाना कोण गाठणार?

याला 'मदुरा पाय' म्हणतात. १८४२ साली मदुराईच्या दवाखान्यात त्याची नोंद झाली, म्हणून हे नाव. मातीतली बुरशी, किंवा बुरशीसारखे वाढणारे जंतू, जखमेवाटे आत शिरतात. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. कार्टर यांनी त्यावर संशोधन केले, 'मायसेटोमा' हे नाव दिले आणि १८७४ साली ग्रंथ लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत तो आला २०१६ साली! अनवाणी माणसांचा रोग, त्याला घाई कोणाला, असे आम्हाला वाटते.

गाठीला पुढे तोंडे पडतात. पुवाबरोबर बारीक दाणे येतात, त्यांवर सारे अवलंबून आहे. काळे दाणे बुरशीचे, तांबडे जंतूंचे. पांढरे-पिवळे दोहोंपैकी कशाचेही असू शकतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हवीच. जंतूंवर अँटिबायोटिक चालते, बुरशीवर चालत नाही. तिला इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या, त्याही वर्षभर किंवा अधिक, आणि कधी शस्त्रक्रियाही लागते. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या की रोग उलटतो. हाडापर्यंत पोचला तर पाय कापण्याची पाळी येते, आणि तोडणीवाल्याचा पाय गेला म्हणजे घराची चूल गेली. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणून चोळू नये. तिच्यात स्टिरॉइड असले तर बुरशीला उलट बळच मिळते.

भगिनींनो, हा कुष्ठरोग नव्हे. एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. घरातल्या माणसाचे ताट नि अंथरूण वेगळे करण्याचे काही कारण नाही.

कोल्हापूरला सीपीआरमध्ये कातडीच्या डॉक्टरांना दाखवायला जाताना काटा केव्हा रुतला, त्यावर काय काय लावले, ते न लाजता सांगावे. जखमेवरची जुनी पट्टी फेकू नये, स्वच्छ पिशवीत बांधून न्यावी. दाणे तिलाच चिकटलेले असतात.