बेंजोवाला उभाच असतो

काल व्हिडिओत एक अमेरिकन वादक उभ्याने पेडल स्टील गिटार वाजवताना पाहिला. हे बसून वाजवायचं वाद्य. पाय पेडलवर, गुडघे लिव्हरला. याने स्टँडच उंच केलेला. मीही म्हटलं, काय डोकं लावलंय!

मग आपल्या बेंजोवाल्याचं काय? 1912 साली जपानमध्ये निघालेलं ताइशोगोतो इकडे बुलबुलतरंग झालं. तेही बसूनच वाजवायचं. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, पट्टा बांधून गळ्यात अडकवलं आणि मिरवणुकीत चालत वाजवलं. त्याला मात्र आपण ‘गल्लीतला’ म्हणतो.

मंडळवाल्यांनो, सुपारी देताना घासाघीस करता ना? निदान वाजवणाऱ्याला मध्ये दहा मिनिटं बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी तरी द्या. खांदा त्याचाही दुखतो.